पाडवा तिचा, भाऊबीज माझी

पाडव्याच्या सकाळी मी तबक घेऊन पुढं झाले, तर हे पाटावरून हळूहळू उठले आणि मागं सरकून भिंतीला टेकले.

"बाई, ह्ये तुमचं काम न्हाई," ते म्हणाले. आवाज अगदी सभ्य. "आमची शालन माहेरी गेलीया. ती आली की ती ओवाळंल. तुम्ही कशाला तसदी घेता?"

शालन म्हणजे मीच. शालन जयवंत भोईटे. मला हे सांगणारे माझे यजमान, एस.टी.तून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले जयवंतराव भोईटे, आणि सांगितलं ते कोरेगावातल्या आमच्याच घरात, मीच मांडलेल्या पाटापाशी. मी तबक नेऊन देवापुढं ठेवलं. निरांजन फुंकायचं नसतं म्हणून तसंच जळत राहू दिलं. मग स्वयंपाकघरात गेले आणि उतू जाणाऱ्या दुधाला चार शब्द सुनावले. दुसऱ्या कुणाला सुनावणार?

दुखणं सुरू झालं त्या उन्हाळ्यात. आधी यांचं चालणं मंदावलं, पाय जमिनीला चिकटल्यासारखे व्हायला लागले. मग कोपऱ्यात मांजरं दिसायला लागली. आमच्या घरात मांजर कधीच नव्हतं. एका दुपारी झोपून उठले, मी चहा पुढं केला, तर कपाकडं न बघता माझ्याकडंच बघत राहिले.

"तुम्ही कोण?"

"तुमची वैरीण," मी म्हटलं. मला वाटलं, चेष्टा चाललीय.

"दिसता शालनवाणी. पर शालन न्हाई तुम्ही."

साताऱ्याच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, चित्रं दाखवून प्रश्न विचारले, आणि मला बाहेर बाकावर बसवून समजावून सांगितलं. मेंदूचा आजार आहे, हळूहळू वाढणारा. यांना चेहरा दिसतो, कुणासारखा आहे तेही कळतं. पण आपलं माणूस समोर आलं की आत जे हलतं, ते हलत नाही. मग मेंदू आपल्या परीनं अर्थ लावतो, की चेहरा तिचा आहे पण ही ती नाही, ही कुणीतरी तोतया.

"वाद घालू नका, वहिनी," ते म्हणाले. "तुम्ही पुरावे द्याल तेवढे ते जास्त घाबरतील."

"पण दूधवाल्याला ओळखतात. शेजारच्या प्रमिलाला ओळखतात. मलाच तेवढं का नाही?"

"असं बहुतेक वेळा सगळ्यात जवळच्या माणसाबाबतच होतं."

हा काय मान झाला? पण डॉक्टरांशी कोण भांडणार. गोळ्या घेऊन परत आले.

फोनचं मला अपघातानंच कळलं. एकदा बाजारात उशीर झाला म्हणून मी मोबाइलवरून घरच्या फोनवर फोन लावला. यांनी उचलला, नेहमीसारखं "कोरेगाव कंट्रोल" म्हणाले, कारण ती सवय निवृत्तीनंतरही गेली नव्हती. मी "अहो" एवढंच म्हटलं आणि पलीकडून यांचा आवाज फुटला. "शालन, कुटं हायस तू? घरात कोण बाई येऊन ऱ्हायलीया, तुझी पातळं नेसती." मी भाजीवालीच्या पाटीपाशी उभ्या उभ्या रडले. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, कानाची वाट वेगळी असते, ती अजून शाबूत आहे. फोनवर चेहरा दिसत नाही, म्हणून तिथं तुम्ही तुम्हीच असता. घरात समोर उभी राहून त्याच आवाजात बोलले, तर मात्र हे म्हणायचे, "नक्कल झकास करता."

तेव्हापासून मी रोज मागच्या परसात जाऊन, धुण्याच्या दगडापाशी उभी राहून घरात फोन करायचे. शालन वडूजला माहेरी आहे, वहिनीचं दुखणं काढतेय, लवकर येईल, असं ठरवून टाकलं. नुसता धीर द्यावा एवढाच हेतू होता. पण घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, तशी गत झाली. मला सवत आली, आणि ती सवतही मीच.

कारण फोनवरच्या शालनशी हे काय बोलायचे म्हणून सांगू. "जेवलीस का?" "गुडघा कसा हाय?" "थंडी पडलीया, कानाला बांध." संसाराची चाळीस वर्षं मी जेवले का, हे या माणसानं विचारलं नव्हतं. गुडघा तर त्यांना माहीत असेल असंही मला वाटलं नव्हतं. तोच दुखरा गुडघा घेऊन मी परसातून घरात यायचे, तर हे म्हणायचे, "बाई, दार लोटू नका, लोक काय म्हणतील." एकदा सवयीनं "अहो" तोंडातून गेलं तर ताठ झाले. "मला अहो म्हणायचं न्हाई. ते आमच्या हिनं म्हणायचं." मग मी काहीच म्हणेनाशी झाले. नुसती खाकरायचे.

परकी बाई म्हणून माझा मान मात्र ठेवायचे हो. आपलं ताट आपण विसळायचे. मला पाणी आणून द्यायचे, हात कापत असल्यानं अर्धा पेला वाटेत सांडायचा. रात्री बाहेरच्या खोलीत झोपायचे, परक्या बाईच्या अब्रूला धक्का लागू नये म्हणून. बायको असताना पाण्याचा तांब्या कुठं असतो हेही यांना ठाऊक नव्हतं. म्हणजे बायको म्हणून जे मिळालं नाही ते तोतया म्हणून मिळत होतं, आणि तोतया म्हणून जे मिळत नव्हतं ते फोनवरची मटकावत होती. मी दोघींवरही जळायचे. दिवाळीच्या चकल्या मी तळल्या. हे येऊन त्यातल्या चांगल्या, न मोडलेल्या निवडून डब्यात भरू लागले.

"ह्या आमच्या शालनसाठी. तुम्ही हात लावू नका."

"मोडक्या कुणी खायच्या?"

"तुम्ही, मी," ते म्हणाले. "आपण घरचीच."

दसऱ्याच्या सुमाराला यांनी पिशवी भरली आणि शालनला आणायला म्हणून स्टँड गाठला. ड्रायव्हर-कंडक्टर ओळखीचे, त्यांनी चहा पाजून रिक्षानं परत आणून सोडलं. पुण्याहून अभिजितचा, आमच्या मुलाचा, फोन आला. "आई, पुन्हा असं झालं तर मी बाबांना इथल्या अशा रुग्णांच्या केंद्रात ठेवणार. तिथं दिवसरात्र माणसं असतात. तुझ्याच्यानं आता होत नाही." त्याचं चुकत होतं असं नाही. पण यांना असं कुठं ठेवायला मी तयार नव्हते. शालन नाही म्हणून आधीच कासावीस झालेला माणूस, त्याच्या हाताशी ही तोतया तरी नको का? एवढंच मला हवं होतं, यांनी मला घरात राहू द्यावं.

तर पाडव्याची दुपार. यांचं जेवण झालं, आणि मी परसात जाऊन फोन लावला.

"कोरेगाव कंट्रोल."

"मी बोलतीया."

"शालन. अगं, आज पाडवा."

"व्हय. वहिनीला ताप हाय. कशी येऊ?"

"ऱ्हाऊ दे. जेवलीस?"

"जेवले."

"ती बाई ओवाळाय आली हुती. मी न्हाई ओवाळून घेतलं."

"का?"

"का म्हंजे? पाडव्याला बायकूनं ओवाळायचं असतं."

दुसऱ्या कुणी ऐकलं असतं तर त्याला गहिवरून आलं असतं. मला चीड आली. पहाटे उठून तबक मी सजवलं होतं आणि हिला वडूजला बसून आयता मान.

"कशी हाय ती बाई?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं.

"बरी हाय. सैपाक करती."

"माझ्यावाणी?"

"तुझ्या हाताची सर कुटली? आमटीत मीठ जास्त पडतं तिच्या."

संध्याकाळी मी आमटी केली ती दात-ओठ खात, पण मीठ चिमटीनं, दोनदा चाखून. हे जेवले, काही बोलले नाहीत. ताट विसळून आले आणि माझ्यापासून लांब, दाराजवळच्या खुर्चीत बसले.

"बाई, बसा. बोलायचंय."

मी बसले.

"तुम्ही परक्या. मी असा. घरात तिसरं माणूस न्हाई. ह्ये काय बरं न्हाई."

"मग काय करू म्हणता?"

"उद्या भाऊबीज." शब्द हुडकायला त्यांना वेळ लागायचा. "आमची अक्का गेल्यापास्नं मला कुणी ओवाळलं न्हाई. तुम्ही ओवाळा. भाऊ-बहीण झालो म्हंजे कुणाचं तोंड वाजायचं न्हाई. मग ऱ्हावा बिनघोर."

नवऱ्याला भाऊबीजेचं ओवाळायचं? आमच्या आईनं हे ऐकलं असतं तर कानाखाली आवाज काढला असता, माझ्या आणि यांच्याही.

"आणि मी न्हाई म्हटलं तर?"

"तर तुम्ही निघा. मी वडूजला जातो, शालनला घेऊन येतो."

हे सहज बोलले, पण पिशवी दाराशी भरून ठेवलेली मला दिसत होती. पुन्हा स्टँड, पुन्हा रिक्षा, पुन्हा अभिजितचा फोन, आणि मग पुण्याचं ते केंद्र. मी "बघू" म्हणाले आणि आत गेले. डोळा काही लागला नाही.

सकाळी प्रमिला फराळाचं ताट घेऊन आली. तिला परसात नेऊन सगळं सांगितलं. ती लेकीच्या वयाची, पण तिच्यापाशी मन मोकळं करायची सवय झाली होती.

"काकू, तोंडानं भाऊबीज म्हणायचं, मनात पाडवा धरायचा," ती म्हणाली. "देवाला कळतं की."

"देवाला कळंल गं. यांना कळायला नको का?"

बिचारी माझ्या पाठीवरून हात फिरवून गेली.

घरात हे उटणं लावून, आंघोळ करून, टोपी घालून पाटावर बसले होते. पाठ वाकलेली, हात मांडीवर थरथरत. पाटाभोवतीची रांगोळी यांनीच काढायचा प्रयत्न केला होता, ती वाकडीतिकडी झाली होती. शेजारी नारळ आणि खण. प्रमिलाच्या नवऱ्याला सांगून आणवले म्हणाले. मला ते बघवेना. "वात आणते," म्हणून मी मागच्या दारानं बाहेर पडले आणि दगडापाशी जाऊन फोन लावला. शेवटचा उपाय एकच होता. मी नको म्हणून चालत नसेल, तर शालननं नको म्हणायचं.

पाटावरून उठून फोनपर्यंत यायला यांना वेळ लागला. घंटी वाजत राहिली. मला वाटलं बंदच पडणार.

"कोरेगाव कंट्रोल."

"मी. आयका माझं. त्या बाईकडनं ओवाळून घेऊ नका."

"तुला कुणी सांगितलं?"

"प्रमिलानं. कुणालाबी बहीण करायची असती व्हय? ठेवायची तर तशीच ठेवा. सैपाकाला म्हणून ठेवा."

"तसं न्हाई जमायचं."

"का न्हाई?"

यांनी आवाज खाली आणला, दार लोटून घेतल्यासारखा.

"थांब. ती बाहीर गेलीया न्हवं? व्हय, गेलीया. शालन, तुझ्यापास्नं मी काय लपवलं न्हाई आजपतोर. ती बाई चालती तुझ्यागत. पदर खोचती तुझ्यागत. काल आमटीत मीठ बी बराबर पडलं हुतं. जेवताना मी तिच्याकडं बघत बसलो. तिला कळलं न्हाई."

"मग?"

"मला ती आवडाय लागलीया."

मी दगडावर बसले.

"ह्या वयात. मला माझीच लाज वाटती. रातचं ती आत खोकती, मी बाहीर जागा असतो. उद्या तू आलीस म्हंजे तुझ्या डोळ्याला डोळा कसा भिडवू? म्हणून म्हटलं, बहीण करून टाकावी. एकदा ओवाळून घेतलं की मन जागेवर येईल. तुझ्याशी बेइमानी नको."

खरं सांगते, मला आधी काय वाटलं ते. मला त्या बाईचा संताप आला. माझा नवरा तिच्याकडं बघत बसतो, रात्री तिच्या खोकण्यावर कान ठेवून जागा राहतो, आणि मी तिकडं वडूजला वहिनीच्या अंथरुणापाशी. कोण कुठली भवानी माझ्या घरात शिरून माझं पातळ नेसते आणि माझ्या नवऱ्याला भुलवते. हे मी अगदी मनापासून, दात आवळून म्हटलं. "तू मला आवडतेस" हे तीन शब्द या माणसानं मला लग्नात म्हटले नव्हते, मुलगा झाला तेव्हा म्हटले नव्हते, आणि तिला काही महिन्यांत मिळाले. मग पदरानं नाक पुसायला गेले, तर पदर खोचलेला होता. कंबरेला, डावीकडं, आईनं शिकवला तसा. तेव्हा कुठं मला कळलं की मी कुणावर भडकले आहे. आणि कळल्यावरही जळणं काही एकदम विझलं नाही.

"शालन? हायस न्हवं?"

"हाय."

"रागावलीस?"

"व्हय."

"रागावणारच. म्हणूनच तर म्हणतो."

आता मी काय सांगणार होते? नको म्हणाले असते, तर हा माणूस त्या बाईला हाकलून माझ्यापाशी यायला निघाला असता. आणि तिला ओवाळायला लावत होता तेही माझ्यासाठीच. तिच्याकडं बघायचं नाही म्हणून तिला बहीण करत होता. एवढं एकनिष्ठ राहिलेलं मी त्याला कधी बघितलं नव्हतं, कारण बघायची वेळच आली नव्हती.

"ओवाळून घ्या," मी म्हटलं.

"तुझ्या मनापास्नं?"

"मनापास्नं न्हाई. पण घ्या. आणि एक आयका. तिला घरातनं काढायचं न्हाई. कधीच. मी आले तरी न्हाई."

"आणि तू कवा येतीस?"

"फोन करते की रोज."

"जेव वेळेवर," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मी हौदातलं पाणी डोळ्यांवर मारलं. जरा वेळ तिथंच थांबले, हे पाटापर्यंत पोचावेत म्हणून. मग वात घेऊन आत गेले.

हे पाटावर येऊन बसले होते. मी निरांजन लावलं. कपाळावर कुंकू लावलं, अक्षता लावल्या. टोपीवर कापूस ठेवला. सुपारी फिरवली, अंगठी फिरवली, मग तबक घेऊन ओवाळलं. हात पाडव्याला फिरतो तसाच फिरतो, त्याला दुसरी तऱ्हा नाही. हे डोळे मिटून बसले होते, आणि ओवाळून होईपर्यंत त्यांचे हात थरथरायचे थांबले होते, की मलाच तसं वाटलं. नारळ आणि खण त्यांनी माझ्या ओटीत घातले. मी लाडू मोडून एक घास त्यांच्या तोंडाशी नेला.

आज त्याला बरीच वर्षं झाली. हे जाऊनही वर्षं झाली. त्यानंतर पुण्याचं केंद्र वगैरे काही लागलं नाही, शेवटपर्यंत मी त्यांच्यापाशी होते, आणि दर दिवाळीला पाडवा कोरडा जायचा आणि भाऊबीज थाटात व्हायची. पण त्या पहिल्या दिवशी घास चावून झाल्यावर यांनी तोंड पुसलं आणि मोकळा श्वास सोडला.

"झालं. आता ह्ये घर तुमचं. कुणाच्या बापाचं भ्या न्हाई."

"आणि शालनवहिनी आल्या म्हंजे?" मी विचारलं. माझ्यानं राहवलं नाही.

यांनी दाराकडं बघितलं, फोनकडं बघितलं, आणि पुढं वाकून हलक्या आवाजात म्हणाले, "तिला इचारूनच केलंय मी. ती जळती तुमच्यावर. लई जळती. पर तुम्ही मनाला लावून घेऊ नका. माझ्यावर तिच्याइतका जीव कुणाचा न्हाई."

"बरं, दादा," मी म्हटलं आणि लाडवाचा दुसरा घास त्यांच्या तोंडात घातला.